दुर्बीण घेण्यापूर्वी

शाळेच्या आकाशदर्शन उपक्रमात काम करणाऱ्या आम्हा शिक्षकांना दरवर्षी दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पालक विचारतात, "मुलीला ग्रहताऱ्यांची गोडी लागली आहे, तिला कोणती दुर्बीण घ्यावी?" नोकरी-व्यवसायात स्थिरावलेले माजी विद्यार्थी विचारतात, "शाळेला दुर्बीण भेट द्यायची आहे, कोणती द्यावी?" दोन्ही प्रश्नांमागे कष्टाचा पैसा असतो आणि तो वाया जाऊ नये ही रास्त इच्छा असते. एकेकाला स्वतंत्र उत्तर देण्यापेक्षा स्मरणिकेच्या निमित्ताने ते सर्वांसाठी एकत्र लिहावे, असे आम्हांस वाटले.

हा प्रश्न केवळ खरेदीचा नाही. खेळण्याच्या दर्जाची दुर्बीण घरी येते, मूल मोठ्या आशेने डोळा लावते आणि त्याला थरथरणाऱ्या धुरकट ठिपक्यापलीकडे काही दिसत नाही. अशा वेळी मूल दुर्बिणीला दोष देत नाही. "मला जमत नाही," असे ते समजते. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या "हे ज्ञान तुमच्यासाठी नाही" असे बजावण्यात आले, त्या समाजातील पहिल्या-दुसऱ्या पिढीच्या विद्यार्थ्याला निकृष्ट साधन तेच वाक्य पुन्हा ऐकवते. म्हणून थोड्या पैशांत का होईना, पण खरे दाखवणारे साधन निवडणे महत्त्वाचे आहे.

पेटीवरचा आकडा

स्वस्त दुर्बिणीच्या पेटीवर बहुधा "५२५ पट" असा मोठा आकडा छापलेला असतो. तो कसा निघतो, हे एकदा कळले की त्याची भुरळ उरत नाही.

दुर्बिणीच्या मुख्य भिंगाच्या किंवा आरशाच्या नाभीय अंतराला नेत्रिकेच्या, म्हणजे डोळ्याजवळच्या भिंगाच्या, नाभीय अंतराने भागले की विशालन मिळते. मुख्य भिंगाचे नाभीय अंतर ७०० मिलिमीटर आणि नेत्रिकेचे ४ मिलिमीटर असेल, तर विशालन १७५ पट होते. त्यात तिप्पट करणारे आणखी एक भिंग घातले की ५२५ हा आकडा तयार. गणित चुकीचे नाही. पण अशा दुर्बिणीचे मुख्य भिंग अनेकदा अवघ्या ६० मिलिमीटर व्यासाचे असते. भिंगाच्या किंवा आरशाच्या व्यासाचे जितके मिलिमीटर, त्याच्या सुमारे दुपटीपलीकडचे विशालन निरुपयोगी ठरते. ६० मिलिमीटरच्या भिंगाची मर्यादा म्हणून जवळपास १२० पट. त्यापुढे प्रतिमा मोठी होते, परंतु तिच्यात नवा तपशील येत नाही; ती फक्त अंधूक होत जाते.

शनीची कडी ओळखण्यास तीस-चाळीस पट विशालन पुरते. चंद्राचे पूर्ण बिंब एका दृष्टिक्षेपात पाहण्यास पन्नास पट पुष्कळ झाले. पेटीवर फक्त विशालन ठळक छापलेले असेल आणि व्यास शोधावा लागत असेल, तर ती दुर्बीण दुकानातच राहू द्यावी.

खरा प्रश्न व्यासाचा

दुर्बिणीचे पहिले काम प्रकाश गोळा करणे हे आहे. मोठे करून दाखवणे हे दुसरे. अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली फार तर ७ मिलिमीटर उघडते. ७० मिलिमीटर व्यासाचे भिंग तिच्या दहापट रुंद असते, आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ते शंभरपट प्रकाश गोळा करते. १५० मिलिमीटरचा, म्हणजे सहा इंची, आरसा साडेचारशे पटींहून अधिक प्रकाश आणतो. बारीक तपशील वेगळा करून दाखवण्याची क्षमताही व्यासाबरोबर वाढते.

भिंगाच्या दुर्बिणीत समोरचे भिंग प्रकाश एकत्र आणते. गॅलिलिओने १६१० साली गुरूचे चार चंद्र पाहिले ते अशाच दुर्बिणीतून. ती नळी बंद असते, धूळ कमी बसते, देखभाल फारशी लागत नाही. मात्र मोठ्या व्यासाचे चांगले भिंग महाग पडते, आणि स्वस्त भिंगातून तेजस्वी वस्तूंभोवती जांभळट कड दिसते. आरशाच्या दुर्बिणीत नळीच्या तळाशी अंतर्गोल आरसा असतो. ही रचना न्यूटनने १६६८ साली प्रत्यक्षात आणली. आरशाचा एकच पृष्ठभाग घासावा लागतो, त्यामुळे त्याच पैशांत अधिक व्यास मिळतो. तिचे आरसे अधूनमधून एका रेषेत आणावे लागतात; दाखवून दिले तर नववीचा विद्यार्थी हे काम अर्ध्या तासात शिकतो.

बैठक: जिच्याकडे कोणी पाहत नाही

विशालन पन्नास पट असेल तर दुर्बिणीची थरथरही पन्नास पट दिसते. म्हणूनच दुर्बीण ज्यावर उभी राहते ती बैठक नळीइतकीच महत्त्वाची आहे. दुकानात एक सोपी परीक्षा करावी. नळीवर बोटाने हलकेच टिचकी मारून नेत्रिकेतून दूरच्या वस्तूकडे पाहावे. दोन-तीन सेकंदांत प्रतिमा स्थिर झाली तर बैठक चांगली. डोलतच राहिली तर भिंग कितीही उत्तम असले तरी उपयोग नाही.

बैठकीचे मुख्य प्रकार दोन. पहिलीत दुर्बीण वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरते. दुसरीचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर ठेवायचा असतो. एकदा तो नीट लावला की एकच अक्ष फिरवून ताऱ्याचा पाठलाग करता येतो. कागदावर ही दुसरी अधिक शास्त्रीय वाटते, पण आपल्याकडे तिच्यात एक अडचण आहे. पुण्याचा अक्षांश सुमारे साडेअठरा अंश असल्याने ध्रुवतारा क्षितिजापासून तेवढाच वर असतो. पेठेतल्या गच्चीवरून तो शेजारच्या इमारतीमागे लपतो. अक्ष इतका आडवा ठेवावा लागला की काही स्वस्त बैठकींचा तोलवजन लावलेला दांडा तिपाईच्या पायावर आपटतो. नवशिक्याची पहिली संध्याकाळ दुर्बीण जुळवण्यातच निघून जाते.

पहिल्या प्रकारातली सर्वांत साधी आणि भक्कम बैठक म्हणजे डॉब्सोनियन. जॉन डॉब्सन १९४४ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीच्या मठात संन्यासी म्हणून दाखल झाले आणि तेथे भंगारातल्या जाड काचा घासून आरसे करू लागले. नळी पुठ्ठ्याची, बैठक लाकडी पेटीची. १९६७ साली मठ सोडावा लागल्यावर ते शहराच्या पदपथावर दुर्बीण मांडून येणाऱ्या-जाणाऱ्यांना चंद्र आणि शनी दाखवू लागले. मोठी दुर्बीण साध्या माणसाला परवडावी आणि कोणालाही तिच्यातून पाहता यावे, एवढाच त्यांचा आग्रह होता. जमिनीवर ठेवा, हाताने ढकला आणि पाहा, अशी ही रचना आजही नवशिक्यासाठी सर्वोत्तम आहे.

छायाचित्रांचा मोह

"दुर्बिणीतून फोटो काढता येतील का?" असे विद्यार्थी लगेच विचारतात. येतील, मात्र कशाचे, यावर सगळा खर्च अवलंबून आहे.

चंद्राचे छायाचित्र मोबाइलनेही उत्तम येते. नेत्रिकेवर मोबाइल घट्ट धरणारी पकड स्वस्तात मिळते. पडद्यावर चंद्राला स्पर्श करून उजेड कमी करावा आणि हात लागून धक्का बसू नये म्हणून काही सेकंदांनी आपोआप छायाचित्र निघेल अशी सोय वापरावी. गुरू आणि शनी यांच्यासाठी छायाचित्राऐवजी चित्रफीत घ्यावी. सेकंदाला ३० चौकटी धरल्या तर एका मिनिटात १८०० चित्रे हाती येतात. हवेच्या थरथरीत त्यांतली काहीच स्वच्छ असतात. ती निवडून एकावर एक रचणाऱ्या संगणक-प्रणाली विनामूल्य मिळतात.

तेजोमेघ आणि दीर्घिका यांची गोष्ट निराळी. पृथ्वीच्या परिवलनामुळे आकाश दोन मिनिटांत चंद्रबिंबाच्या रुंदीएवढे सरकते. मंद वस्तूंसाठी कॅमेरा पुष्कळ वेळ उघडा ठेवावा लागतो, आणि तेवढा वेळ ताऱ्याचा अचूक पाठलाग करणारी यंत्रचलित बैठक नळीहून महाग पडते. अलीकडे मोबाइलवर चालणाऱ्या छोट्या स्वयंचलित दुर्बिणी आल्या आहेत. त्या आपणच आकाश शोधून सुंदर छायाचित्रे देतात, परंतु त्यांतल्या अनेकांना नेत्रिकाच नसते. शनीचा प्रकाश स्वतःच्या डोळ्यात उतरण्याचा अनुभव त्या देऊ शकत नाहीत.

ज्यांना आकाशाची छायाचित्रेच हवी आहेत, त्यांनी आधी दुर्बिणीशिवाय सुरुवात करावी. मोबाइल किंवा कॅमेरा तिपाईवर लावावा. ५०० या संख्येला भिंगाच्या नाभीय अंतराने भागले की ताऱ्यांच्या रेघा न उमटता किती सेकंद उघडझाप ठेवता येईल याचा अंदाज मिळतो. मोठ्या संवेदकाच्या कॅमेऱ्यावर २४ मिलिमीटरच्या भिंगाला सुमारे वीस सेकंद. एवढ्यात मृग नक्षत्र आणि, गावाबाहेर असाल तर, आकाशगंगेचा पट्टाही उमटतो. छायाचित्रण आणि निरीक्षण ही दोन्ही कामे एकाच स्वस्त दुर्बिणीकडून करून घेण्याचा हट्ट धरला की बहुधा दोन्ही बिघडतात. प्रथम डोळा, मग कॅमेरा, हा क्रम ठेवावा.

आधी सदाशिव पेठेत जावे

दुर्बीण विकत घेण्याआधी दुसऱ्याच्या दुर्बिणीतून पाहावे, हा आमचा सर्वांत आग्रहाचा सल्ला आहे. पुणेकरांना त्यासाठी लांब जावे लागत नाही. सदाशिव पेठेत टिळक रस्त्यावरील टिळक स्मारक मंदिरात ज्योतिर्विद्या परिसंस्थेचे कार्यालय आहे. १९४४ साली स्थापन झालेली ही संस्था हौशी आकाशनिरीक्षकांची देशातील सर्वांत जुनी संस्था मानली जाते. नावातील "ज्योतिर्विद्या" हा शब्द पाहून कोणी गैरसमज करून घेऊ नये. येथे कुंडली मांडली जात नाही. ग्रह आकाशात कोठे आहे ते प्रत्यक्ष पाहिले जाते. अशा ठिकाणी भिंगाची, आरशाची, लहान-मोठी दुर्बीण शेजारी शेजारी पाहता आली, तर महिनाभर वाचून जे कळत नाही ते एका संध्याकाळी कळते. वापरलेली चांगली दुर्बीण कोण विकतो आहे, हेही अशाच मंडळींत समजते.

दुसरे ठिकाण विद्यापीठाच्या आवारातील आयुका. पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या देणगीतून तेथे उभी राहिलेली मुक्तांगण विज्ञान शोधिका खास शालेय विद्यार्थ्यांसाठी आहे. सहा इंची आरसा स्वतः घासून दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळाही आयुकाने घेतल्या आहेत. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञानदिनी ही संस्था सर्वांसाठी खुली असते.

तथागतांनी धम्माचे वर्णन "एहिपस्सिको" या शब्दाने केले: या आणि स्वतः पाहा. कोणी सांगितले म्हणून मानू नका, पारखून घ्या, ही शिकवण दुर्बिणीच्या खरेदीलाही लागू पडते. जाहिरातीवर नव्हे, आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवावा.

किती पैशांत काय

बाजारभाव बदलत राहतात. पुढील आकडे केवळ अंदाजासाठी आहेत.

पाच ते दहा हजार रुपये असतील तर दुर्बीण घेऊच नये. १०×५० ची चांगली द्विनेत्री घ्यावी. यातील १० म्हणजे विशालन आणि ५० म्हणजे भिंगाचा मिलिमीटरमधील व्यास. कृत्तिकेतील डझनावारी तारे, चंद्रावरील मोठी विवरे, अंधाऱ्या रात्री देवयानी दीर्घिकेचा धूसर डाग, एवढे ती सहज दाखवते. भिंतीला टेकून हात स्थिर ठेवले तर गुरूचे चंद्रही दिसतात. सोबत एक तारकापट घ्यावा. पुढे मोठी दुर्बीण आली तरी द्विनेत्री निकामी होत नाही.

दहा ते वीस हजारांत ७० ते ८० मिलिमीटरची भिंगाची दुर्बीण साध्या पण भक्कम बैठकीसह घ्यावी, किंवा ११४ मिलिमीटरच्या आसपास आरसा असलेली टेबलावर ठेवायची छोटी डॉब्सोनियन. शहरातील गच्चीसाठी ही निवड उत्तम. शहराच्या उजेडाचा चंद्र, ग्रह आणि जोडताऱ्यांवर फारसा परिणाम होत नाही. सप्तर्षींतील वसिष्ठ आणि त्याच्याजवळची अरुंधती नुसत्या डोळ्यांना दिसतात. दुर्बिणीतून पाहिले की एकटा वसिष्ठच दोन ताऱ्यांचा निघतो.

तीस ते पंचेचाळीस हजारांची सोय असेल, विशेषतः शाळेसाठी, तर १५० मिलिमीटरची डॉब्सोनियन घ्यावी. तिचे नाभीय अंतर साधारण १२०० मिलिमीटर असते. २५ मिलिमीटरच्या नेत्रिकेने ४८ पट आणि १० मिलिमीटरच्या नेत्रिकेने १२० पट विशालन मिळते. याहून अधिक नेत्रिकांची सुरुवातीला गरज नाही. वसतिगृहातील मुलांना आणखी एक वरदान आहे. शहरवासीयांना दुर्मीळ झालेला अंधार त्यांच्या मैदानावर उपलब्ध आहे. मे महिन्यात रात्री दक्षिणेकडे नरतुरंगातील ओमेगा सेंटॉरी हा भव्य तारकागुच्छ दिसतो. युरोपच्या बहुतेक भागातून तो क्षितिजावर येतच नाही.

तिथी, पावसाळा आणि सूर्य

आपल्या धम्मदिनदर्शिकेत पौर्णिमेला मोठे स्थान आहे. चंद्र पाहण्यासाठी मात्र पौर्णिमा सोयीची नाही. त्या रात्री सूर्यप्रकाश चंद्रावर समोरून पडतो, सावल्या नाहीशा होतात आणि डोंगर-विवरे सपाट दिसतात. उपोसथाची शुद्ध अष्टमी त्यासाठी उत्तम. अर्धा चंद्र सायंकाळीच डोक्यावर असतो आणि उजेड-अंधाराच्या सीमारेषेवर विवरांच्या लांब सावल्या पडतात. मुलांना झोपेची वेळ मोडावी लागत नाही. तेजोमेघ आणि तारकागुच्छ यांच्यासाठी अमावास्येच्या आसपासच्या रात्री राखून ठेवाव्यात. विहारात जाणाऱ्या घराला तिथी ठाऊक असते. आकाशनिरीक्षणाचे अर्धे वेळापत्रक तेथेच तयार आहे.

जून ते सप्टेंबर आकाश झाकलेले असते आणि दमट हवेत भिंगांवर बुरशी धरते. दुर्बीण कोरड्या जागी, ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसह ठेवावी. खरेदी पावसाळ्यानंतर करावी, म्हणजे पुढचे सात-आठ महिने हाती राहतात. आरसा वरचेवर पुसू नये. थोडी धूळ चालते, चरे चालत नाहीत. निरीक्षणापूर्वी अर्धा तास दुर्बीण बाहेर ठेवून थंड होऊ द्यावी. दिवसभर तापलेल्या गच्चीपेक्षा मातीचे मैदान चांगले. तेथे हवा कमी थरथरते.

एक नियम मात्र कधीही मोडू नये. दुर्बिणीतून, द्विनेत्रीतून किंवा शोधक नळीतून सूर्याकडे क्षणभरही पाहू नये. दृष्टी कायमची जाऊ शकते. काही स्वस्त दुर्बिणींसोबत नेत्रिकेला लावायची काळी काच "सूर्यासाठी" म्हणून येते. ती उष्णतेने तडकू शकते. घरी आणताच फेकून द्यावी. सौरनिरीक्षणाचे प्रमाणित गाळणे नळीच्या पुढच्या तोंडावर बसवायचे असते, आणि तेही शिक्षकांच्या उपस्थितीतच.

दुर्बीण देणाऱ्यांना विनंती

पुण्याच्या इतिहासातील एक प्रकरण देणगीदारांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. १८८८ साली पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात, म्हणजे पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय झालेल्या संस्थेत, प्राध्यापक कावसजी दादाभाई नेगमवाला यांनी महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभारली. भावनगरच्या महाराजांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या वेधशाळेत ग्रब कंपनीची २० इंची आरशाची दुर्बीण होती. त्या काळी भारतात तिच्याहून मोठी दुर्बीण नव्हती. १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाची निरीक्षणे नेगमवालांनी जेऊर येथे तळ ठोकून केली. पण १९१२ साली ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला रवाना झाली. यंत्र उत्तम होते. ते चालवणारा दुसरा माणूस पुण्यात तयार झाला नव्हता.

शाळेतही असेच घडू शकते. महागडी, संगणकचलित दुर्बीण समारंभाने स्वीकारली जाते, एका शिक्षकाला ती चालवता येते, त्यांची बदली किंवा निवृत्ती होते आणि कपाटाला कुलूप लागते. म्हणून आमची विनंती अशी: भेट साधी असू द्या, आठवीतल्या चार मुली एकमेकींच्या मदतीने उचलून मैदानात मांडू शकतील अशी. तिच्याबरोबर एक नोंदवही द्या. त्यात तारीख, तिथी, काय पाहिले आणि किती जणांनी पाहिले हे मुलांनीच लिहावे. शक्य असल्यास वर्षातून दोन संध्याकाळीही द्या. स्वतः या, मुलांबरोबर दुर्बीण मांडा, मोठ्या मुलांना लहानांना शिकवू द्या.

दुर्बिणीची किंमत पावतीवर लिहिलेली असते. तिचे मोल किती डोळ्यांनी तिच्यातून पाहिले यावरून ठरते. दहा हजारांची द्विनेत्री दोनशे मुलांच्या हातांतून फिरली, तर कुलपातल्या लाखाच्या दुर्बिणीहून ती मोठी आहे.